एका घोटात मावेल तेवढंच इंग्रजी

इक्वो न्डराके तोंडी इंग्रजी शिकवायची, मी गणित. कॅलाबार शहरात, हेन्शॉ टाउन या वस्तीत, आमची घरं एकाच अंगणात होती. मधे नळ, कपड्यांची तार आणि एक पपईचं झाड. त्यामुळे तिचं जे काही झालं ते मी जवळून पाहिलं.

आमची शाळा मुलींची, सरकारी. शेवटच्या वर्षाला इंग्रजीचा एक तोंडी पेपर असतो. लांबलचक शब्द देतात आणि विचारतात, याचे तुकडे किती, आणि जोर कुठल्या तुकड्यावर. आमच्या एफिक भाषेत सूर चढतो-उतरतो आणि त्यावर अर्थ ठरतो. पण एकाच तुकड्यावर दाबून बाकीचे गिळून टाकायचे, ही रीत आमच्यात नाही. मुली सगळे तुकडे सारख्याच ठसक्यात म्हणायच्या आणि धडाधड नापास व्हायच्या. इक्वो आली आणि ते बरंचसं थांबलं.

तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. मधली भिंत छतापर्यंत पोचलेलीच नव्हती, म्हणून तिचा प्रत्येक तास मला पाठ.

"हात हनुवटीखाली धरा. म्हणा, युनिव्हर्सिटी. हनुवटी किती वेळा हातावर आपटली?"

"पाच वेळा, मॅडम!"

"म्हणजे घरात पाच सवती. थोरली कोण?"

"व्हर्, मॅडम!"

"थोरली बोलते तेव्हा बाकीच्या काय करतात?"

"कुजबुजतात!"

एकदा मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी तर धाकटीच ओरडते."

"म्हणून तुझे वडील तोंडी परीक्षेत नापास," इक्वो म्हणाली. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा हसल्या आणि फळ्यावरचं समीकरण तिथंच राहिलं.

शब्दाच्या शेवटी 'शन' असेल तर थोरली त्याच्या अगदी आधी उभी असते. एज्युकेशनमध्ये 'के'. शेवटी 'टी' असेल तर शेवटून तिसरी. 'सस्पेक्ट' हा शब्द माणसासाठी असेल तर जोर 'सस्'वर, आणि तुम्ही स्वतः संशय घेत असाल तर 'पेक्ट'वर. असल्या जोराला इंग्रजीत स्ट्रेस म्हणतात, म्हणून मुलींनी तिचं नाव मिसेस स्ट्रेस ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. आवाज होताच तसा. सकाळच्या प्रार्थनेला लाऊडस्पीकर बंद पडला तर मुख्याध्यापिका नुसतं तिच्याकडे बघायच्या.

नवरा लवकर वारलेला, मुलगा लागोसला नोकरीला. जवळची म्हणावी अशी आईच. आई न्सिडुंगच्या किनाऱ्यावर राहायची. जन्मभर तिनं मासे धुरावर भाजून विकले. इक्वोही त्याच धुरात वाढली. शाळेत जायच्या आधी चुलीवरची जाळी उलटायची, आल्यावर पुन्हा उलटायची. म्हातारीला इंग्रजीचा गंध नव्हता. दर शनिवारी मायलेकी म्हातारीच्या अंगणात बसून अशा काही भांडायच्या आणि हसायच्या की नळावर पाणी भरायला आलेल्या बायका बादली भरून वाहिली तरी हलायच्या नाहीत.

एका वर्षी उत्तरेकडून धुळीचे कोरडे वारे सुरू झाले आणि इक्वोचा आवाज बसला. त्या दिवसांत निम्म्या गावाचा बसतो. वारे गेले, पाऊस आला, सगळ्यांचे घसे मोकळे झाले. तिचा झाला नाही. ती खडूला दोष द्यायची. मग गिळताना दुखू लागलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. ती आधी चर्चमध्ये गेली. पास्टरनं कपाळाला तेल लावलं, बाटलीभर प्यायलाही दिलं आणि सांगितलं, "भगिनी, तुझा आवाज कुणीतरी बांधून ठेवलाय. तुझ्याच शाळेतली कुणीतरी मत्सरी बाई."

घरी येऊन ती मला घोगऱ्या आवाजात म्हणाली, "एकानेम, शाळेत माझा मत्सर करील अशी तू एकटीच. सोड माझा आवाज."

आम्ही हसलो. पण तेल ती पीत राहिली, उपास करत राहिली. त्यानंतर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचा संप लागला. संप मिटला तेव्हा गाठ बाहेरून हाताला लागत होती.

डॉक्टर तरुण होता. त्यानं कागदावर घशाचं चित्र काढून दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, कंठ पूर्ण काढावा लागेल. श्वास इथून, मानेतल्या छिद्रातून घ्याल."

"आणि बोलायचं?"

डॉक्टरनं चित्रातल्या कंठावर फुली मारली.

"मी तोंडी इंग्रजी शिकवते," ती म्हणाली.

"आधी जगा, मॅडम," तो म्हणाला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिनं मुलाला लागोसला फोन केला आणि बराच वेळ बोलली. मग आईकडे गेली. तिथं काय बोलली ते मला माहीत नाही. मी रिक्षात बसून होते. येताना ती एफिकमधलं एक जुनं चर्चचं गाणं गुणगुणत होती. रिक्षावाला तोंड वाकडं करून म्हणाला, "मावशी, घसा बसलाय तर गप बसा की." ती थांबली नाही.

ती जगली. मानेत छिद्र, त्यावर पातळ कापड. खोकला आला की तोंडावर नव्हे, मानेवर हात न्यायचा. नाकातून हवा जातच नव्हती, त्यामुळे वास गेला. अफांगची भाजी करपली तरी तिला कळायचं नाही, मीच ओरडत जायची. मुलाचा फोन आला की ती उचलून नुसती टकटक करायची. मुलगा म्हणायचा, "मम्मा, कळलं. मेसेज कर."

मुख्याध्यापिकांनी तिला पुस्तकांच्या खोलीत बसवलं. मुली सुरुवातीला दारात येऊन उभ्या राहायच्या, काहीजणी रडायच्या. नंतर त्या येईनाशा झाल्या, कारण काय बोलायचं ते त्यांनाही कळेना. तिच्या वर्गावर एक नवा तरुण शिक्षक आला. तो सगळे तुकडे सारखेच बडवायचा. भिंतीपलीकडून ते ऐकताना माझंच डोकं उठायचं. वर्ष संपायच्या आत तिला लवकर निवृत्ती दिली. निरोपाच्या कार्यक्रमात तिच्याबद्दल सगळे बोलले. ती खुर्चीवर बसून होती, मांडीवर फुलांचा हार घेऊन.

सार्जंट आर्चिबाँग तिला भेटला तो दवाखान्याच्या बाकावर. निवृत्त पोलीस, धिप्पाड, केस पांढरे; मानेवर तिच्यासारखंच कापड. तिचा नंबर यायचा होता आणि मी शेजारी विणत बसले होते. अचानक बाकाच्या त्या टोकाकडून इंग्रजीत आवाज आला, पाणथळीतला बेडूक बोलावा तसा:

"नवी... आहेस?"

इक्वोनं पाहिलं. तो बोलला होता. कंठ नसलेला माणूस बोलला होता.

त्यानं तोंड मिटलं, हवेचा घोट गिळला, आणि ती हवा वर सोडत म्हणाला, "ढेकर. फक्त... ढेकर." मग छातीवर हात मारला. "आयुष्यभर... बिअर प्यायलो. ती... विद्या... आता कामाला आली."

मी हसले. इक्वो हसली नाही. ती त्याच्या ओठांकडे अशी बघत होती, जशी ती परीक्षेच्या पेपरकडे बघायची.

त्यानं तिला शिकवलं. दर बुधवारी तपासणीचा दिवस. ते दोघं बाकावर बसून हवा गिळायचे आणि सोडायचे. येणारे-जाणारे नाक मुरडायचे. एका नर्सनं हटकलं, "हे काय चालवलंय?" तर आर्चिबाँग म्हणाला, "शाळा." इक्वोला पहिला आवाज यायला फार दिवस लागले, आणि तो आला तेव्हा ती घाबरलीच. जाड, पुरुषी, खरखरीत. अंगणात तिनं मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून नळावर कोण पुरुष आलाय ते बघितलं होतं.

एका घोटात दोन तुकडे मावायचे, फार तर तीन. मग पुन्हा घोट. आर्चिबाँग शब्द कुठंही तोडायचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं कुणाला कळायचं नाही. इक्वोनं लवकरच ओळखलं की इथं तिला येतं ते चालतं. इंग्रज माणूस लांब शब्दातले हलके तुकडे तसेही गिळतो. मग त्यांच्यावर हवा कशाला खर्चायची? ते नुसते ओठांनी म्हणायचे, घोट घ्यायचा जोराच्या तुकड्याच्या अगदी आधी, आणि सगळी हवा त्याच्यावर टाकायची. तिनं मला आपल्याकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली, "एज्यु... केशन." ऐकणाऱ्याला तो शब्द अख्खा ऐकू यायचा. मी टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आनंदानं.

त्या शनिवारी ती आईकडे गेली, मी बरोबर. म्हातारी जाळीवरचे मासे उलटत होती. इक्वो तिच्यासमोर बसली, हवा गिळली आणि एफिकमध्ये बोलली.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते ही?"

इक्वो पुन्हा बोलली. मलाही कळलं नाही. कंठ गेला की सूर गेला. तो खरखरीत आवाज चढतही नाही आणि उतरतही नाही. इंग्रजीला ते चालतं. तिथं दाबलं की भागतं. आमच्या भाषेत 'अक्पा' एका सुरात म्हटलं तर नदी, दुसऱ्या सुरात म्हटलं तर पहिला. सूर नसला की दोन्ही नाही. तिनं मिरची मागितली तर म्हातारीनं झाडू आणून दिला. तिनं मान हलवली, म्हातारीनं टोपली आणली. शेवटी म्हातारी चिडली. हातातला चिमटा आपटला आणि म्हणाली:

"तुझं तोंड आता गोऱ्यांच्याच कामाचं राहिलं. माझ्याशी बोलू नको. नुसती बस."

ती बसून राहिली. नंतरही दर शनिवारी जायची. म्हातारी बोलायची, ही मान हलवायची. म्हातारीला भांडायला समोरून कुणी लागायचं. एकटीनं भांडून ती लवकर दमायची. दोन वर्षांनी म्हातारी गेली. मातीच्या वेळी थोरल्या मुलीनं आईला नाव घेऊन हाक मारायची असते, ती मावशीच्या मुलीनं मारली.

त्याच सुमारास आर्चिबाँग आमच्या अंगणात आला. इस्त्री केलेला शर्ट, हातात टोपी. "मॅडम. मला... शिकवणी... हवी."

गोष्ट अशी होती. सहा वर्षांपूर्वी तो नोकरीत होता तेव्हा त्याच्या ठाण्यात ओरोक नावाचा बावीस वर्षांचा मुलगा आणला होता. मोटारसायकली दुरुस्त करायचा. कुणाचातरी जनरेटर चोरीला गेला आणि कुणीतरी याचं नाव घेतलं. सकाळी तो कोठडीत मेलेला होता. दम्यानं गेला, असं कागदावर लिहिलं गेलं. ओरोकला कधी दमा नव्हता. त्याची आई न्कोयो, बाजारात गोगलगाई विकणारी बाई, तेव्हापासून वकिलांचे उंबरे झिजवत होती. आता कुठं खटला उभा राहिला होता, ठाण्याच्या त्या वेळच्या इन्स्पेक्टरवर. त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांपैकी एक अपघातात गेला, एक कॅमेरूनला पळाला. उरला आर्चिबाँग.

"लिहून द्या ना, एते," मी म्हणाले. आमच्याकडे वयानं मोठ्या पुरुषाला एतेच म्हणतात. "ज्याला बोलता येत नाही त्याची लिहून दिलेली साक्ष कोर्ट घेतं."

त्यानं नकारार्थी मान हलवली. घोट. "लिहून... एकदा दिलंय." घोट. "खोटं." घोट. "सही... माझी आहे. आता... तोंडानं."

"आणि एफिकमध्ये..." असं मी म्हणायला गेले आणि मला म्हातारीचा झाडू आठवला.

इक्वोनं खुर्ची ओढली. तिनं त्याच्याकडे बघितलं, कडक, मिसेस स्ट्रेस बघायची तसं. "शर्टाचं... वरचं बटण... काढा. हवा... अडते."

तीन महिने शिकवणी चालली, पपईच्या झाडाखाली, दुपारच्या वेळी. परीक्षक मी. मी त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि जे ऐकू येईल ते मोठ्यानं म्हणायची. सुरुवातीला तो 'इन्व्हेस्टिगेशन' म्हणायचा आणि मला 'स्टेशन' ऐकू यायचं. 'डिसीस्ड', म्हणजे मयत, म्हणायचा, मला 'सीट' ऐकू यायचं. इक्वो त्याच्या हनुवटीखाली पट्टी धरायची.

"इन्व्हेस्टि," ती ओठांनी म्हणायची. "हवा नको. आता... घोट. गे!"

"गे... शन."

"शन वर... काय ओरडता? ती... धाकटी."

"माझ्या घरात... धाकटीच..."

"तुमच्या घरातलं... मला नको." त्याला दम लागेपर्यंत ती सोडायची नाही. इन्स्पेक्टरमध्ये 'स्पे'. हँडकफमध्ये 'हँ'. आयडेंटिफिकेशनमध्ये 'के', आणि तिथवर पोचायला दोन घोट. 'सस्पेक्ट'वर ते खूप अडले. तो 'पेक्ट'वरच दाबायचा. इक्वो म्हणाली, "असं म्हणालात तर... कोर्ट समजेल... तुम्ही संशय घेता. तुम्ही... बघितलं आहे."

त्यानं हनुवटीखालची पट्टी हातानं बाजूला सारली. मग म्हणाला, "हो. बघितलं."

सगळं त्यानं आम्हाला एकदम सांगितलं नाही. शब्द लागेल तसं सांगायचा. मागची खोली. छताचा आकडा. इन्स्पेक्टरचा आवाज. किल्ल्यांचा जुडगा याच्याच कमरेला होता. एके दिवशी सांगता सांगता तो उठला, नळाखाली हात धुतले, आणि निरोप न घेताच गेला. मी म्हणाले, परत यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी आला होता.

साक्षीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. पुढच्या बाकावर न्कोयो बसली होती. बारीक, काळ्या कपड्यात, चपला काढून पायाशी ठेवलेल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून कोर्टाचा दुभाष्या तिच्यासाठी प्रत्येक वाक्य एफिकमध्ये सांगणार होता. इन्स्पेक्टर आरोपीच्या कठड्यात उभा होता. जाड झाला होता, सारखा घाम पुसत होता. न्यायाधीश बाई होत्या, सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेणाऱ्या.

आर्चिबाँगनं पहिला घोट घेतला आणि नाव सांगितलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

आरोपीचा वकील उठला. "माय लॉर्ड, साक्षीदार साक्ष देतोय की जेवण पचवतोय?"

आता बरेच जण हसले. माझ्या शेजारी इक्वोची बोटं माझ्या मनगटात रुतली.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं, हसू विरेपर्यंत थांबल्या, आणि म्हणाल्या, "मला नाव ऐकू आलं. पुढे."

तो बोलला. सावकाश, घोटाघोटानं, जवळजवळ दुपारपर्यंत. 'इन्व्हेस्टिगेशन' आलं, स्वच्छ. 'इन्स्पेक्टर' आलं. 'सस्पेक्ट' आलं आणि 'सस्'वर जोर आला. इक्वो शेजारी बसून प्रत्येक शब्दाआधी स्वतः हवा गिळत होती. मी पाहिलं, तिची हनुवटी त्याच्याबरोबर हलत होती. दुभाष्या तरुण होता, आवाज गोड. आर्चिबाँगचं तुटक, कोरडं इंग्रजी तो घ्यायचा आणि एफिकमध्ये सांगायचा, सगळ्या चढ-उतारांसकट. न्कोयो एकदाही हलली नाही.

मागच्या खोलीचं सांगून झालं. सरकारी वकील म्हणाले, "एवढंच, माय लॉर्ड." ते खाली बसले.

आर्चिबाँग उतरला नाही. त्यानं कठडा धरला. हे आमच्या शिकवणीत नव्हतं. त्यात लांब शब्द एकही नव्हता. सगळे एका-दोन तुकड्यांचे, बालवाडीतलं पोरही म्हणेल असे. त्यासाठी त्याला इक्वोची गरज नव्हती.

"तो पाणी... मागत होता," तो म्हणाला. "माझ्याकडे. मी... दिलं नाही."

दुभाष्या न्कोयोकडे वळता वळता थांबला. त्यानं न्यायाधीश बाईंकडे पाहिलं.

"सांगा," बाई म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. न्कोयोनं खाली वाकून चपला उचलल्या, पायात घातल्या, आणि कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेली.

उलटतपासणी पुढच्या तारखेला ठेवली. पुढची तारीख आली तेव्हा कोर्टाला सुट्टी होती. त्याच्या पुढच्या तारखेला वकील आजारी. मग न्यायाधीश बाईंची बदली दुसऱ्या राज्यात झाली, आणि आमच्याकडे न्यायाधीश बदलला की खटला पहिल्यापासून. आधीची साक्ष धरत नाहीत. आर्चिबाँगला पुन्हा उभं राहून सगळं बोलावं लागणार होतं.

"पुन्हा... तर पुन्हा," तो म्हणाला. पण त्याचा आजार उलटला होता. अन्ननलिकाच अरुंद झाली, हवेचा घोट आत जाईना. शेवटचे काही आठवडे तो इक्वोसारखाच टकटक करायचा, पलंगाच्या लोखंडी दांड्यावर. आम्ही गेलो की ती त्याच्या उशाशी बसायची. एकदा त्यानं ओठांनी काहीतरी म्हटलं. मी विचारलं, काय म्हणतो? ती म्हणाली, "शब्द नाही. तुकडे मोजतोय... नुसता."

तो पावसाच्या सुरुवातीला गेला. साक्षीदारच नाही म्हटल्यावर नवीन न्यायाधीशांनी इन्स्पेक्टरला सोडून दिलं. ते काम चहा गार व्हायच्या आत उरकलं.

त्यानंतर एका बुधवारी दुपारी न्कोयो आमच्या अंगणात आली. डोक्यावर गोगलगाईंचं घमेलं. ते तिनं नळाजवळ उतरवलं, मी दिलेल्या स्टुलावर बसली आणि इक्वोकडे बघून म्हणाली, "त्या पोलिसाला बोलायला तू शिकवलंस म्हणतात. खरं?"

इक्वोनं मान डोलावली.

"मग ते पाण्याचं कशाला सांगायला लावलंस?"

इक्वोनं हवा गिळली आणि एफिकमध्ये काहीतरी म्हणाली. न्कोयोला कळलं नाही. इक्वो थांबली, आणि मग माझ्याकडे तोंड करून इंग्रजीत म्हणाली, "सांग तिला. मी नाही लावलं. ते... त्याचं होतं."

मी सांगितलं.

"सहा वर्षं मला वाटत होतं, पहिल्याच फटक्याला गेला असेल," न्कोयो म्हणाली. "बारीक होता ना. मी रोज स्वतःला तेच सांगून झोपायची. इन्स्पेक्टर तर सुटलाच. मग माझी झोप कशाला नेली त्या पोलिसानं?"

मी इक्वोकडे पाहिलं. ती न्कोयोच्या पायांकडे बघत होती. टाचा चिखलानं भरल्या होत्या. तिनं आपलं स्टूल तिच्या जवळ सरकवलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. न्कोयोनं तो काढला नाही, पण धरलाही नाही. थोड्या वेळानं ती उठली. मी घमेलं उचलून डोक्यावर द्यायला गेले, तर म्हणाली, "राहू दे, मला येतं." एकटीनंच गुडघे वाकवून तिनं ते उचललं आणि फाटकातून गेली.

त्या बुधवारी इक्वो दवाखान्यात गेली नाही. आर्चिबाँग गेल्यापासून तिथली शिकवणी तिचीच होती. कंठ काढलेले जे कुणी नवे येतील त्यांना ती बाकावर बसवून हवा गिळायला लावायची. काहींना जमायचं, बऱ्याच जणांना नाही. पुढच्या बुधवारी मी तिला ओढतच घेऊन गेले.

वॉर्डात एक नवीन बाई होती. खाडीपलीकडच्या खेड्यातली, आमच्याच वयाची, मानेवर ताजं कापड. सोबतच्या बहिणीला मी विचारलं, "हिला इंग्रजी येतं का?"

"कुठलं?" बहीण म्हणाली. "शाळेची पायरी नाही चढली कधी. एफिकच बोलायची. का?"

मी इक्वोकडे वळले. ती त्या बाईच्या पलंगाच्या कडेला बसली होती. बाई तिच्या तोंडाकडे आशेनं बघत होती, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की ही मॅडम बोलायला शिकवते.

"काय सांगू हिला?" मी विचारलं.

इक्वोनं घोट घेतला, तो तसाच सोडून दिला, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.